काट्यावरून चालणारी सुरी : मासळीचे फिले काढण्यासाठी कोणते पाते घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे : पुण्यात दर रविवारी आपण अख्खी सुरमई, रावस किंवा पापलेट आणता, कोळणीकडून तुकड्या करून घेतल्या तर काट्यांच्या भीतीने मुले खात नाहीत, म्हणून बिनकाट्याचे फिले, म्हणजे कण्यापासून सोडवलेले मांसाचे सलग काप, घरीच काढायचे ठरवले आहे, परंतु दुकानात सहा इंचांपासून दहा इंचांपर्यंत, लवचीक आणि कडक, लाकडी आणि प्लास्टिकच्या मुठीच्या इतक्या सुऱ्या मांडलेल्या असतात की त्यांतली कोणती घ्यावी हे समजत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडण्यापासून मी सुरुवात केली, पुढे मुंबईतील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तीस वर्षे मासे साफ केले आणि आता बचत गटांतील स्त्रियांना हेच काम शिकवते. त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

सुरीकडे वळण्याआधी मासळीविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिथे गफलत झाली तर उत्तम सुरी घेऊनही निराशा पदरी येते. सुरमई, रावस, पापलेट, हलवा, जिताडा, घोळ, तांबोशी या माशांचे मुख्य काटे पाठीच्या कण्याला आणि फासळ्यांना धरून असतात, त्यामुळे कण्यावरून पाते नीट फिरवले आणि फासळ्या कापून काढल्या की राहिलेले बारीक काटे बोटाने चाचपून चिमट्याने ओढता येतात. रोहू, कटला आणि पाला (हिलसा) यांचे तसे नाही. त्यांच्या मांसाच्या आतच दुबेळक्याच्या आकाराचे असंख्य सुटे काटे असतात, आणि जगातील कोणतीही सुरी कण्यावरून फिरवली तरी ते मांसातच राहतात. मुलांसाठी बिनकाट्याचा मासा हवा असेल तर हे मासे त्या यादीतून वगळावेत. त्यांच्यात सुरीचा दोष नसतो आणि आपल्या हाताचाही नसतो.

आपल्याकडे मासा कापण्याची साधने दोन. घरात विळी, जिला आम्ही मालवणीत आडाळो म्हणतो, आणि बाजारात लाकडी ओंडक्यावर चालणारा कोयता. कोयत्याचे काम घावाचे आहे. त्याचे वजन कण्यातून आरपार जाते, म्हणून तुकडीत कण्याचा गोल भाग आपोआप येतो. विळीचे पाते पायाखाली स्थिर असते आणि दोन्ही हातांनी धरलेला मासा त्यावर सरकवला जातो. माझ्या आईने आयुष्यभर विळीवर मासे केले आणि तिच्याइतक्या सफाईने बांगड्याचे पोट उघडणारी बाई मी पाहिलेली नाही. परंतु विळीचे पाते जाड, उभे आणि न वाकणारे असल्यामुळे ते काट्याच्या अंगाने वळू शकत नाही. फिले काढताना नेमके उलटे घडावे लागते : मासा पाटावर स्थिर राहतो आणि पाते आडवे होऊन कण्यावरून सरकत जाते. विळीची सवय असलेल्या माझ्या विद्यार्थिनी पहिल्या दिवशी हमखास मासा सुरीकडे ढकलतात, आणि त्यात डाव्या हाताची बोटे धारेच्या वाटेत येतात. सुरी विकत घेताना हा फरक मनात ठेवला पाहिजे, कारण आपण एक नवे पाते घेत आहोत त्याबरोबर हाताची एक नवी हालचालही शिकणार आहोत.

फिले काढण्याच्या सुरीचा खरा गुण म्हणजे तिला काटा जाणवला पाहिजे. पाते कण्यावर टेकवून शेपटीच्या दिशेने ओढले की प्रत्येक काट्यावरून जाताना त्याची बारीक टिकटिक मुठीत लागते, शांत खोलीत ती ऐकूही येते. ही टिकटिक चालू आहे तोवर पाते योग्य जागी आहे. ती थांबली की पाते वर मांसात शिरले आहे आणि काट्यावर मांस वाया जात आहे, असे समजावे. पाते फार कडक असेल तर ते काट्याच्या वळणाशी जुळवून घेत नाही आणि सरळ रेषेत मांसात घुसते; फार लवचीक असेल तर जाड फासळीपाशी वाकून भलतीकडे जाते. म्हणून लवचीकपणा किती असावा हा या सुरीबाबतचा पहिला प्रश्न आहे, आणि पोलादाचे नाव, मुठीचा रंग किंवा पात्यावरची नक्षी हे सगळे त्यानंतरचे.

दुकानात याची परीक्षा करता येते. दुकानदाराची परवानगी घेऊन पात्याचे टोक लाकडी फळीवर आडवे टेकवावे आणि मूठ हलकेच दाबावी. मध्यम लवचीक पाते साधारण एक इंचापर्यंत विनासायास वाकते आणि सोडताच पूर्ववत सरळ होते. वाक कुठे पडतो हे त्याहून महत्त्वाचे आहे : चांगल्या पात्यात तो टोकाकडच्या निम्म्या भागात पडतो आणि मुठीजवळचा भाग जवळपास ताठ राहतो, कारण ते पाते मुठीकडून टोकाकडे क्रमाने पातळ होत गेलेले असते. सर्वत्र सारख्याच जाडीच्या पत्र्यातून कापलेले स्वस्त पाते मुठीपासूनच वाकते, आणि अशा सुरीने जोर लावला की टोक कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. पाठीची जाडी मुठीपाशी सुमारे दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी. रुंदीने पाते अरुंद असावे, कारण रुंद पाते मांस आणि काटा यांच्यामध्ये वळवताना अडते आणि मांसाला पायऱ्या पडतात.

लांबीचा हिशेब माशाच्या रुंदीवरून करावा. पाठीपासून पोटापर्यंत माशाची जी रुंदी असेल तिच्यापेक्षा पाते किमान दोन इंच लांब असले म्हणजे एकाच लांब ओढीत काप पूर्ण होतो. पाते अपुरे पडले की हात करवतीसारखा पुढेमागे होऊ लागतो, आणि सुरमईसारख्या माशात त्या प्रत्येक हेलकाव्याची खूण मांसावर उमटते. तळल्यावर तो काप त्याच जागी फुटतो. बांगडा, मुडदुशी आणि लहान पापलेट यांना सहा इंचांचे पाते पुरते. दीड ते तीन किलोची सुरमई आणि त्याच वजनाचा रावस यांना सात ते आठ इंच लागतात. मोठी घोळ किंवा पाच-सहा किलोंचा जिताडा घरी आणणाऱ्यांनी नऊ इंचांचे आणि थोडे कडक पाते घ्यावे, कारण त्यांच्या फासळ्या जाड असतात आणि पातळ पाते त्यांच्यापुढे हार मानते.

पापलेटविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून मान दिलेला हा मासा फिले शिकणाऱ्याची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते आणि मधला काटा पंख्यासारखा रुंद पसरलेला असतो, त्यामुळे मांसाचा थर पातळ आणि काट्याचा पसारा मोठा असतो. इथे कडक पाते पूर्णपणे निरुपयोगी ठरते. सहा इंचांचे, खूप लवचीक आणि अतिशय धारदार पाते काट्यावर जवळजवळ झोपवून चालवावे लागते, आणि तेव्हा कुठे काटा स्वच्छ निघतो. काढलेला काटा उजेडापुढे धरून पाहावा, त्याच्या दोन फाट्यांमधून प्रकाश आरपार दिसला तर सुरी आणि हात दोन्ही बरोबर चालले आहेत. मी आजही प्रत्येक नव्या सुरीची पारख याच कसोटीवर करते. आपल्या घरात पापलेट महिन्यातून एखाद्याच वेळी येत असेल, तर त्याला अख्खाच ठेवून, चिरा देऊन, मसाला भरून तळावे असे मी मनापासून सुचवेन. त्याचा काटा मोठा आणि सुटा असल्यामुळे ताटातही मुलांना तो सहज काढून देता येतो.

आपल्या वापरासाठी, म्हणजे मुख्यतः सुरमई आणि रावस यांच्यासाठी, माझा स्पष्ट सल्ला सात किंवा आठ इंचांच्या, मध्यम लवचीक आणि कापणारी कड दोन्ही अंगांनी घासून धार काढलेल्या एकाच सुरीचा आहे. दोन-तीन सुऱ्यांचा संच घेऊ नये. त्यातील एकच वापरली जाते आणि उरलेल्या दोनांच्या किमतीत चांगला धारेचा दगड आला असता.

जपानी देबा घ्यावी का, असे पुष्कळ जण विचारतात. देबा ही जाड पाठीची, वजनदार आणि न वाकणारी सुरी आहे, आणि जपानी कारागीर तिनेच माशाचे दोन फिले आणि मधला काटा असे तीन भाग अप्रतिम करतात. म्हणजे लवचीक पात्याशिवाय फिले निघतच नाहीत असे मुळीच नाही. परंतु देबाची धार परंपरेने पात्याचे एकच अंग घासून काढलेली असते. ती उजव्या हातासाठी घडवलेली असते, डावखुऱ्यांसाठी वेगळी मागवावी लागते, आणि तिला धार लावणे हे स्वतंत्र शिक्षण आहे. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. याच्या दुसऱ्या टोकाला फिनलंडची परंपरा आहे. तेथील रोव्हानिएमी या उत्तरेकडील गावात १९२८ पासून मार्टिनीच्या सुऱ्या घडवल्या जातात, आणि त्यांच्या अरुंद, लवचीक पात्याची घडण आज जगभरातील फिले सुऱ्यांमध्ये दिसते. ती पाती मला फार आवडतात. मात्र त्यांना बहुधा बर्चच्या लाकडाची मूठ असते, आणि आपल्या दमट हवेत व मसाल्याच्या हातांत लाकडी मुठीची निगा राखणे कठीण जाते.

मुठीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि इजा मात्र तिच्यामुळेच होतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यात चरबी आणि पाणी मिसळते, आणि दहाव्या मिनिटाला हात साबण लावल्यासारखा होतो. कामाला लागून चार वर्षे झाली असताना एका हॉटेलात मला गुळगुळीत, पॉलिश केलेल्या लाकडी मुठीची सुंदर सुरी मिळाली होती. रावसाची कातडी सोडवताना मुठीवरून हात पुढे पात्यावर सरकला आणि तर्जनीला पाच टाके पडले. ते बोट पावसाळ्यात अजून दुखते. त्या दिवसापासून माझा नियम आहे की मूठ खरबरीत प्लास्टिकची किंवा रबरासारख्या पकडीची असावी आणि पाते व मूठ यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा असावा. दुकानात हात पाण्याने ओला करून मूठ घट्ट धरून पाहावी; दुकानदाराला विचित्र वाटले तरी चालेल. मूठ आणि पाते यांच्या सांध्यात फट नसावी, कारण त्या फटीत रक्त आणि मांसाचे कण साचतात, वास धरतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सची फायब्रॉक्स मुठीची लवचीक सुरी व्यावसायिक स्वयंपाकघरांत इतकी दिसते ती याच कारणामुळे : मूठ ओल्या हातातून सुटत नाही आणि सांधा बंद असतो. तिचे पाते देखणे नाही, पण काम चोख आहे.

आता पोलाद. मासळीची सुरी सतत पाणी, मीठ, लिंबू आणि कोकम यांच्या सहवासात राहते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या घरात तर हवाही खारी असते. साधे कार्बनचे पोलाद फार तीक्ष्ण होते, पण एक रात्र ओले राहिले तर सकाळी तांबूस डाग दिसतात. घरगुती वापरासाठी स्टेनलेस पोलादच घ्यावे. जर्मन सुऱ्यांवर ज्याचा उल्लेख आढळतो त्या १.४११६ क्रमांकाच्या पोलादात सुमारे ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. रॉकवेल मापावर त्याचा कडकपणा साधारण ५५ ते ५७ ठेवतात. हा कडकपणा लवचीक पात्याला मानवतो. ६० च्या पुढचे जपानी पोलाद धार जास्त दिवस टिकवते, परंतु काट्यावर तिरके दाबले गेले तर त्याच्या धारेचा टवका उडू शकतो. पाण्यात आणि मिठात स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात, म्हणून ‘स्टेनलेस आहे’ या विश्वासावर सुरी सिंकमध्ये भिजत टाकू नये. गोड्या पाण्याने धुवावी, लगेच कोरडी पुसावी आणि डिशवॉशरमध्ये कधीही घालू नये.

कोणतीही सुरी घेतली तरी तिची धार हीच तिची किंमत आहे, आणि ती धार कोण लावतो यावर सुरीचे आयुष्य अवलंबून असते. गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे विळी आणि कोयता खुशाल द्यावा, फिले सुरी देऊ नये. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार इतकी तापते की पोलादाला पाजलेले पाणी उतरते. त्यानंतर ते पाते मऊ पडते आणि कितीही घासले तरी धार दोन दिवसांत जाते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या सुऱ्यांपैकी बहुतेकींचे नुकसान असेच झालेले होते. घरी १००० नंबरचा पाण्याचा दगड ठेवावा, तो दहा मिनिटे पाण्यात भिजवावा आणि पाते दगडाशी साधारण १५ ते १७ अंशांचा कोन करून दोन्ही बाजूंनी सारखेच घासावे. लवचीक पाते घासताना टोकाकडे बोटांचा दाब हलका ठेवावा, नाहीतर तिथे ते वाकते आणि कोन बदलतो. दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी पोलादी सळईवर दोन्ही बाजूंनी चार-चार हलके हात मारले तर दगडाची गरज महिन्यातून एकदाच पडते.

या सुरीने काय करू नये हेही तितक्याच गांभीर्याने सांगते. तिने खवले काढू नयेत. त्यासाठी खवलेकाढणी किंवा जाड चमचा वापरावा, कारण खवल्यांवर धार सर्वांत लवकर मरते. खवल्यांच्या माशाला पहिली चीर देतानाही टोक खवल्यांखाली घालून आतून बाहेर कापावे. तिने डोके तोडू नये आणि कणा फोडू नये, ते काम कोयत्याचे किंवा जाड सुरीचे आहे. मोरीची, म्हणजे लहान शार्कची, कातडी सँडपेपरसारखी खरखरीत असते, ती सोलायला जुनी सुरी ठेवावी. अर्धवट गोठलेल्या माशात तर हे पाते कधीही घालू नये. टोक मोडते, आणि मोडलेले टोक मांसात राहिले तर काट्याहून वाईट.

सुरी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी महागड्या रावसावर हात चालवू नये. बांगडे आणावेत. एका किलोत पाच-सहा येतात, म्हणजे दहा-बारा फिले काढण्याचा सराव एकाच सकाळी होतो, आणि बिघडलेले मांस कालवणात किंवा कबाबात सहज खपते. मासा फडक्याने कोरडा पुसावा, पाटाखाली ओले कापड अंथरावे म्हणजे पाट सरकत नाही. कल्ल्यामागे तिरकी चीर देऊन पाते कण्यापर्यंत न्यावे, तिथे ते आडवे वळवावे आणि कण्यावर टेकवून शेपटीकडे ओढत जावे. डावा हात माशाच्या वर, बोटे उचललेली, पात्याच्या पातळीच्या वर. कातडी काढायची असल्यास शेपटीकडचे टोक चिमूटभर मिठाने घट्ट पकडावे, पाते कातडीवर जवळजवळ सपाट ठेवावे आणि पात्यापेक्षा कातडीच जास्त हलवावी. उरलेले डोके आणि काटे टाकू नयेत, त्यांचे सार उत्तम होते.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ताजी समुद्री मासळी कमी मिळते. त्या काळात सुरी कोरडी करून, पात्याला खोबरेल तेलाचा पुसट हात लावून, म्यानात किंवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवावी. खणात इतर भांड्यांबरोबर मोकळी ठेवल्यास धार भांड्यांवर आपटून जाते आणि चमचा शोधणाऱ्याचा हात कापतो.

शेवटची बाब आरोग्याची. डाव्या हातात न कापला जाणारा जाळीदार हातमोजा घालावा, विशेषतः पहिले सहा महिने. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. तो मासा साफ करताना ते तीन काटे सर्वांत आधी पकडीने मोडून टाकावेत. सुरी किंवा काटा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची मुदत तपासावी. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला त्यांचा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. म्हणून सूज आणि लाली पसरू लागली किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि जखम मासळी साफ करताना झाली आहे हे त्यांना आवर्जून सांगावे.